खोतांच्या वाड्यातली पोरे

कोकणातील घराणे-कादंबरीचे मूळ खोतीत आहे. सरकार आणि कूळ यांच्या मधोमध बसलेला खोत सारा वसूल करी, वेठीला माणसे धरी आणि ओटीवर बसून न्यायनिवाडाही करी. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 ते 1939 संप करून या सत्तेला हादरा दिला आणि 1949च्या कायद्याने खोती संपली. कुळांची बाजू इतिहासात नोंदली गेली. या सत्तेच्या सावलीत वाढलेल्या पोरांचे काय झाले, हे मात्र कादंबरीनेच सांगितले.

आरंभ ‘श्यामची आई’पासून (1935) धरावा लागतो. पालगडच्या खोतांचे हे घर. भाऊबंदकीने वेगळे पडलेले आणि कर्जात बुडालेले. आईच्या मायेचे पुस्तक म्हणून त्याची पारायणे झाली. बापाच्या कर्जाचे पुस्तक म्हणून ते फारसे वाचले गेले नाही. जप्तीची दवंडी गावभर फिरते आणि श्यामच्या धाकट्या भावाला, पुरुषोत्तमाला, शाळेतली पोरे चिडवू लागतात, एवढा एक प्रसंग बारकाईने पाहावा. कर्ज काढले थोरल्यांनी, त्याचे व्याज फेडले पोराने. पुढच्या साऱ्या परंपरेचे बीज या प्रसंगात आहे.

ते बीज श्री. ना. पेंडशांच्या हाती फोफावले. दापोली तालुक्यातील मुर्डीत 1913 साली जन्मलेल्या पेंडशांचे आयुष्य मुंबईत ‘बेस्ट’च्या नोकरीत गेले, पण लेखणी खाडीकाठ सोडायला तयार नव्हती. ‘गारंबीचा बापू’तला (1952) बापू बंडखोर म्हणून गाजला. त्याच्या बंडाचे कारण त्याच्या पोरवयात सापडते. बाप विठोबा हा अण्णा खोतांकडे मान खाली घालून राबणारा. वाकलेला बाप रोज डोळ्यांसमोर असलेला मुलगा एक तर स्वतः वाकतो, नाही तर कुणालाच जुमानत नाही. बापूने दुसरी वाट धरली. ‘हत्या’त (1954) पोरवयाचाच नायक मध्यभागी आला. ‘रथचक्र’ला (1962) पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नवरा परागंदा झालेली, एकत्र कुटुंबात जाच सोसणारी यातली नायिका मुलाच्या शिक्षणासाठी जिवाचे रान करते. आईची जिद्द पोराच्या पाठीवर ओझे होऊन कशी बसते, हे मराठीत इतक्या कठोरपणे क्वचितच लिहिले गेले असेल.

या वाटचालीचा कळस म्हणजे 1987 साली दोन खंडांत आलेली ‘तुंबाडचे खोत’. जगबुडी नदीकाठच्या एका घराण्याच्या चार पिढ्या, थेट गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीपर्यंत. जमीन, वाडा, मान या गोष्टी पिढीगणिक कमी होत जातात. आडदांडपणा मात्र कमी होत नाही. एका पिढीने केलेला माज दुसरीच्या अंगावर येतो आणि तिसरी तो निस्तरत बसते. शेवटच्या पिढीतला मधू चांगला निघतो, तोही वाडवडिलांच्या लौकिकाशी झगडतच. वारशाने काय येते, या प्रश्नाला मराठी कादंबरीने दिलेले हे सर्वांत सविस्तर उत्तर आहे.

तरीही एका समीक्षकपंथाने पेंडशांवर ‘प्रादेशिक’ असा शिक्का मारून त्यांना माड-पोफळींच्या रांगेत बसवले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील विल्यम फॉकनरची ‘द साउंड अँड द फ्युरी’ (1929) हेच पंडित जागतिक म्हणून वाखाणतात. तिथेही जमीनदार काँप्सन घराणे मोडकळीला येते, थोरल्या मुलाच्या शिक्षणासाठी कुरण विकले जाते आणि मुले थोरल्यांच्या बुडत्या अभिमानाखाली चिरडली जातात. मिसिसिपीतील वाडा जागतिक आणि जगबुडीकाठचा प्रादेशिक, या न्यायाला आधार नाही.

पेंडशांच्या वाटेवर भुताखेतांच्या आणि पावसाच्या वर्णनांनी फुगलेल्या कादंबऱ्या उदंड झाल्या. त्यांची यादी देण्यात हशील नाही. अपवाद चिं. त्र्यं. खानोलकरांचा. ‘चानी’त (1970) गावाने वाळीत टाकलेली, गोऱ्या साहेबापासून झालेली मुलगी दिनू या पोराच्या नजरेतून दिसते. थोरल्यांचे क्रौर्य मुलाला आधी कळते, ते असे. दुसरा अपवाद जयवंत दळवींचा. त्यांच्या ‘सारे प्रवासी घडीचे’मध्ये (1964) आरवलीची माणसे हसवतात, पण त्या हसण्याखाली कुढणारी घरे आहेत.

आज हा धागा विरळ झाला आहे. घराणे म्हटले की मालिकांतल्या सासवा-सुना आठवतात, आणि चार पिढ्यांची गोष्ट सांगायला लागणारा दम लेखकाकडे नाही, प्रकाशकाकडे नाही. विषय मात्र संपलेला नाही. तो उत्तर कोकणात सरकला आहे. पनवेलजवळच्या गव्हाणसारख्या आगरी-कोळी गावांच्या जमिनी 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईसाठी घेतल्या. शेजारच्या जासई परिसरात जानेवारी 1984मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील शेतकरी आंदोलनात पाच जणांचे बळी गेले. पुढे जमीन गेलेल्यांना तिच्या साडेबारा टक्के इतके भूखंड मिळाले. ज्या घरात आजोबांची शेते गेली, बापाच्या हाती एकदम पैसा आला आणि वाटणीवरून भावाभावांत अबोला धरला गेला, त्या घरातली मुले आता कर्ती झाली आहेत. तुंबाडच्या तोलाची पुढची कादंबरी याच ओट्यांवर आहे. ती बाहेरच्याने येऊन लिहिण्याची वाट न पाहता त्या मुलांनीच लिहायला बसावे.