पुरोहिताच्या रकान्यात धवलेरीचा अंगठा

वनहक्काच्या दाव्यांची माहिती घ्यायला मी पालघर जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत गेले होते. ग्रामसेवकांच्या टेबलावर विवाह नोंदणीच्या अर्जांचा गठ्ठा सुटा पडलेला होता. या अर्जात वर, वधू आणि साक्षीदारांच्या खाली लग्न लावणाऱ्या पुरोहिताची माहिती भरावी लागते. वरच्याच अर्जावर त्या जागी एका बाईचं नाव होतं आणि सहीच्या ठिकाणी निळ्या शाईतला अंगठा.

"धवलेरी आहे ती," ग्रामसेवक म्हणाले. "वारल्यांची लग्नं तीच लावते. पहिल्यांदा मलाही प्रश्न पडला होता, हे चालेल का. मग म्हटलं, लग्न तिनं लावलंय तर दुसऱ्या कुणाचं नाव लिहू?"

त्यांच्या या एका वाक्यासाठी मी पुढे वैशाखात त्या पंचायतीतल्या एका वारली पाड्यावर लग्नाला गेले. लग्न कशानं लागतं, हा प्रश्न मानववंशशास्त्रज्ञ शंभर वर्षं विचारत आले आहेत. इथे तो रोज विचारला जातो. फरक इतकाच, की उत्तर चुकलं तर कुणाचं तरी नाव सातबाऱ्यावर लागत नाही.

मांडव जांभळीच्या डहाळ्यांनी शाकारलेला होता. घरात शिरल्याबरोबर जो वास आला तो अजून नाकातून जात नाही: भिजवून वाटलेल्या तांदळाचा आंबूस वास, त्यात ओल्या गेरूचा आणि कोपऱ्यातल्या मडक्यातल्या ताडीचा. शेणामातीनं सारवलेल्या कुडावर गेरूचा हात फिरवून झाला होता आणि सुवासिनी बांबूच्या काडीनं चौक लिहीत होत्या. मध्यभागी पालघट देवी, भोवती साखळ्यांच्या आणि जाळीच्या ओळी, वर चंद्र-सूर्य, कडेला शिडी, फणी, घोड्यावरचे नवरा-नवरी. जगभरच्या कलादालनांत गेलेली वारली चित्रकला ती हीच. १९७० च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर नेण्याआधी ती प्रामुख्यानं बायकांच्या हातची, लग्नाच्या भिंतीपुरती होती.

धवलेरी भिंतीपासून दूर, सुपात तांदूळ घेऊन बसली होती. वय सत्तरीच्या पुढचं, कपाळ मोकळं. नवरा जाऊन खूप वर्षं झाली होती. ज्या गावात मी वाढले तिथे अशा बाईला हळदीच्या वेळी आतल्या खोलीत बसवत. इथे तिच्यावाचून हळद लागत नव्हती. तांदळाचे लहान लहान पुंजके मांडत ती देवांची नावं घेत होती. हिरवा, हिमाय, नारनदेव, धरतरी, गावतरी, कणसरी. मध्येच कुणी चुकलं की गाणं न थांबवता नुसती मान हलवायची, आणि चुकणारी निमूटपणे हात मागे घ्यायची.

"आजी, हे शिकलात कुणाकडे?"

"शिकवतंय कोण? म्हातारीच्या मागं मागं जात होते. ती गायची, मी तिच्या मागनं गायची. एक दिवस ती गेली. मग लोक माझ्याकडं आले."

मिळकत म्हणजे एक लुगडं, थोडे तांदूळ, नारळ आणि घरच्यांना जमेल ते पैसे. त्यासाठी रात्रभर गायचं.

त्या मांडवात लग्नं दोन होती. एक मुलाचं, दुसरं त्याच्या आईबापाचं.

मुलाची आई माझ्याशेजारी तांदूळ निवडत होती. नवऱ्याच्या घरी ती बावीस वर्षं नांदत होती. मुलाला एकविसावं सरून गेलेलं, त्याच्या पाठच्या दोन मुली. आईबापाची हळद झाल्याशिवाय मुलाची लावता येत नाही, असं पाड्यानं सांगितलं, म्हणून दोन्ही एकदम उरकायची ठरली.

"वहिनी, इतकी वर्षं का थांबलात?"

"पैसा कुठं होता, ताई? गावाला जेवण घालायचं, लुगडी घ्यायची, देज द्यायचं. यानं मला आणलं तेव्हा पावसाळा तोंडावर होता. म्हणाला, पीक आलं की करू. पीक आलं, ते खाण्यात गेलं." मग सुपाकडे बघत म्हणाली, "बावीस वर्षं."

अशा जोडप्यांच्या सामूहिक विवाहाच्या बातम्या छापून येतात तेव्हा 'लिव्ह-इन' हा शब्द हटकून वापरला जातो. कुणाला त्यात आदिवासींचं मोकळेपण दिसतं, कुणाला सुधारण्याजोगं अनाचारी जगणं. त्या सुपाशेजारी बसल्यावर दोन्ही नजरा मला अपुऱ्या वाटल्या. ती बाई कुठल्याही मोकळ्या प्रयोगात नव्हती. ती संसारात होती आणि तिच्या संसाराबद्दल पाड्याला कधी शंका नव्हती. राहिलं होतं ते जेवण.

मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला. त्यानं तिथे पाहिलं, की लग्नाआधी तरुण-तरुणी एकत्र झोपतात याचं कुणाला काही वाटत नाही; मात्र त्यांनी एकत्र बसून जेवणं ही लाजिरवाणी गोष्ट. मुलगी सकाळी उठून मुलाच्या घरीच राहिली, दोघांनी मिळून कंद खाल्ले आणि तिच्या माहेरच्यांनी शिजवलेलं अन्न पाठवलं, की लग्न लागलं. १९२९ साली त्यानं यावर लिहिलेलं पुस्तक शीर्षकामुळे गाजलं. त्याआधीचं १९२६ चं, गुन्हा आणि रूढी यांवरचं लहानसं पुस्तक मला अधिक मोलाचं वाटतं. त्यात एका तरुणाची हकीकत आहे. त्याचे मावसबहिणीशी संबंध होते. कुळाच्या नियमानं ते वर्ज्य, गावाला ठाऊक, तरी सगळे गप्प. त्या मुलीशी लग्न करू पाहणाऱ्या दुसऱ्या तरुणानं एके संध्याकाळी चारचौघांत हे बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या तरुणानं नटूनथटून माडावर चढून उडी घेतली. पोलीस नाहीत, न्यायाधीश नाही, तरी त्या समाजात कायदा होता. त्याचं ठाणं लोकांच्या तोंडी होतं.

या पाड्यावरही कायदा आहे आणि तो मऊ नाही. चौक लिहिणाऱ्या बायका हसत-खिदळत होत्या. त्या वहिनींनी एकदाही काडी हातात घेतली नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, "चौक सुवासिनीनं लिहायचा. माझी हळद कुठं झाली होती? किती लग्नं झाली या पाड्यात, सगळ्यांचे तांदूळ मीच वाटले. काडी नाय धरली."

बावीस वर्षं दुसऱ्यांच्या लग्नाचे तांदूळ वाटायचे आणि भिंतीला हात लावायचा नाही. रूढीचं कौतुक करणाऱ्यांनी हे वाक्य जवळ ठेवावं. मला ते टाळता येत नाही.

पण या उशिराची मुळं रूढीत कमी आणि कर्जात जास्त आहेत. इंग्रज अधिकारी सायमिंग्टन यांनी १९३८ साली मुंबई इलाख्यातल्या आदिवासींच्या स्थितीचा अहवाल तयार केला. सावकार-जमीनदार लग्नासाठी कर्ज देऊन माणसाला कसे बांधून घेतात ते त्यात नोंदलं आहे. त्याला लग्नगडी म्हणत. थोड्या रुपयांच्या कर्जापोटी तो आणि त्याची बायको वर्षानुवर्षं, पुष्कळदा जन्मभर, जमीनदाराकडे राबत. के. जे. सावे यांचं 'द वारलीज' हे पुस्तक १९४५ साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी इथे वारल्यांनी वेठबिगार आणि लग्नगडीची पद्धत झुगारून दिली. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो लढा आहे. लग्नाची रूढी आणि लग्नाचं कर्ज एकाच घरात नांदत होतं. एकाची नोंद घेताना दुसरं सुटलं तर हाती येतं ते अर्धं चित्र.

लग्नगडी गेला, उचल आली. वहिनी आणि त्यांचा नवरा दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. या मांडवाचा खर्च पुढच्या हंगामाच्या उचलीतून झाला होता. नवरा मांडवाच्या खांबाला टेकून विडी ओढत होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, "भट्टी तर तशीही करायचीच. निदान पोराचं तरी वेळेवर होईल."

हळद, गाठ, तांदूळ टाकणं हे सगळं पहाटेपर्यंत झालं. बाहेर बँजोवाले पोरांचा धीर संपवत होते. धवलेरीचा आवाज बसला होता, तरी तिनं आईबापाचं गाणं मुलाच्या गाण्याइतकंच पूर्ण गायलं. एका तरुणानं घाई केली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हे पण लगीनच आहे." मुलांची आई असलेल्या त्या नवरीच्या गालाला तिनं स्वतःच्या हातानं हळद लावली. सगळ्या रात्रीतला तो क्षण माझ्या मनात पुन्हा पुन्हा येतो. त्या सुरकुतलेल्या बोटांत जो अधिकार होता तो कुठल्याही कार्यालयानं दिलेला नव्हता, आणि तो नाकारायला तिथे कुणी धजलं नसतं.

लिखित कायदा या अधिकाराकडे कसा बघतो? १९५५ चा हिंदू विवाह कायदा कलम २(२) नुसार अनुसूचित जमातींना लागू होत नाही. केंद्र सरकारनं तशी अधिसूचना काढली तरच होतो. म्हणजे त्यांचं लग्न त्यांच्या रूढीनं लागतं. मात्र भांडण कोर्टात गेलं की रूढी पुराव्यानं सिद्ध करावी लागते. २००१ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका आदिवासी बाईची तक्रार होती, की नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. त्यांच्या जमातीच्या रूढीनुसार दुसरं लग्न रद्द ठरतं हे तिला सिद्ध करता आलं नाही आणि ती हरली. वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) नुसार विवाहितांच्या पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचीही नावं लागतात. ही फार मोठी तरतूद आहे. पण विवाहित कोण, हे कुणी सांगायचं? वहिनींच्या नवऱ्याचा दावा ग्रामपंचायतीत होता. त्यावर नाव एकट्याचं होतं.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या वारसाहक्काच्या खटल्यात रूढी सिद्ध करण्याचं ओझं दुसऱ्या खांद्यावर दिलं. खालच्या कोर्टांनी म्हटलं होतं, बाईला वाटा मिळतो अशी रूढी दाखवा. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मिळत नाही अशी रूढी सिद्ध झालेली नाही, तेव्हा समानता हाच नियम. या फरकाकडे मी फार आशेनं बघते. रूढी सिद्ध करायचा भार बाईवर टाकला की ती बहुधा हरते, कारण तिचे साक्षीदार म्हणजे जेवून उठलेलं गाव आणि हवेत विरलेलं गाणं.

म्हणून त्या ग्रामसेवकांचं वागणं मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी कुठलं परिपत्रक काढलं नाही. लग्न ज्या बाईनं लावलं तिचा अंगठा योग्य जागी घेतला, आणि गावाला जे माहीत होतं ते सरकारी कागदावर आलं. आदिवासी भागातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीनं हे करावं. मे महिन्यात मांडवातच अर्ज न्यावेत. जी जोडपी आधीपासून नांदताहेत त्यांचं नांदणं गावाच्या साक्षीनं नोंदावं, त्यासाठी जेवणाची अट घालू नये. बाईचं नाव पट्ट्यावर लागायला तिच्या नवऱ्यानं भट्टीची उचल घ्यावी लागणं, हे लग्नगडीच्या काळाशी नातं सांगणारं आहे.

वहिनींचा अर्ज त्या आठवड्यात भरला गेला. विवाहाची तारीख म्हणून परवाचा दिवस लिहिला. आधीच्या बावीस वर्षांसाठी अर्जात जागा नाही. ती करायला हवी.