टिफ्रॅकचा जमाना

भाईंदरहून चर्चगेट लोकल आणि पुढे नेव्हीनगरची बस पकडली की कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्था लागते. भारतात घडवलेला पहिला मोठा डिजिटल संगणक याच संस्थेचा. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल?

होमी भाभांच्या या संस्थेत १९५०च्या दशकाच्या मध्यात आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांचा एक गट कामाला लागला. बहुतेकांनी तोवर संगणक डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. आधी एक छोटे प्रायोगिक यंत्र उभारून हात बसवला आणि मग मोठ्याला हात घातला. १९६० मध्ये यंत्र वापरात आले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव ठेवले, टिफ्रॅक.

त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची. एका बिटाला फेराइटचे एक इवलेसे कडे, आणि प्रत्येक कड्यातून बारीक तारा ओवलेल्या. वीज गेली तरी कड्यातले चुंबकत्व टिकते, म्हणून साठवलेला आकडाही टिकतो. अशी ८१,९२० कडी मिळून आजच्या हिशेबाने जेमतेम दहा किलोबाइट! या आकड्याचे हसू येत नाही, मान झुकते.

१९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकन संगणक आला आणि टिफ्रॅकची सद्दी संपली. चालू स्थितीतला टिफ्रॅक आज कुठेही पाहायला मिळत नाही, ही खंत मला लहान वाटत नाही.

असे यंत्र पुन्हा जागे करता येते का? येते. अपोलो यानांसाठी बनवलेला एक मार्गदर्शक संगणक अमेरिकेतल्या चार-पाच हौशी अभियंत्यांनी २०१८-१९ मध्ये दुरुस्त करून चालवून दाखवला. त्यांनी थेट वीज सोडली नाही. आधी एकेक मॉड्यूल तपासले, तुटलेली जोडणी शोधली. हे जमले, कारण जुने सर्किट-आराखडे शिल्लक होते. कागद नसता तर ते यंत्र म्हणजे नुसता धातूचा ठोकळा. माझ्या मते जतनाची सुरुवात यंत्रापासून नाही, कागदापासून होते.

मीरा-भाईंदरमध्ये संशोधन संस्था, तेल कंपन्या, बँकांच्या संगणक विभागांतून निवृत्त झालेली मंडळी असतील. त्यांच्या माळ्यावर एखादे मॅन्युअल, पंचकार्डांचा गठ्ठा किंवा हाताने काढलेला आराखडा पडून असू शकतो. घर रिकामे करताना तो रद्दीत घालू नका. त्यावर साल आणि विभाग लिहा, फोटो काढा आणि एखाद्या संग्रहालयाला किंवा महाविद्यालयाला विचारा.