संरचित संहितेतील उताऱ्याची नक्कल

पाचोऱ्याहून लोहमार्गाने चाळीसगावास यावे व तेथून सातमाळ्याच्या डोंगराकडे वळावे, म्हणजे पाटण हे स्थान लागते. तेथील देवीच्या मंदिरातील शके ११२८ चा शिलालेख अभ्यासकांस परिचित आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला, व निकुंभ कुळातील सोइदेव याने त्यास देणगी दिली, असा त्याचा विषय होय. डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ मध्ये तो विद्वानांच्या नजरेस आणला. पुढे कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात त्याचे संपादन केले. लेखाचा बराचसा भाग संस्कृत असून शेवटी दानाचा तपशील मराठीत आहे. एकाच शिळेवर दोन भाषा नांदत असल्यामुळे प्रस्तुत विषयास हे उदाहरण फार सोयीचे पडते.

अशा लेखाची संगणकीय संहिता आज मार्कअप पद्धतीने सिद्ध करतात. एक्सएमएल ही त्या पद्धतीची १९९८ मध्ये प्रमाणित झालेली भाषा, टीईआय हे तिच्यावर आधारलेले ग्रंथसंपादनाचे नियम, व एपिडॉक ही त्यांची शिलालेखांसाठी केलेली शाखा होय. यांत अक्षरांसमवेत कोनी कंसांतील खुणा लिहिल्या जातात. भाग कोठे सुरू होतो, ओळ कोठे तुटते, कोणते अक्षर संदिग्ध आहे, कोणते झिजून गेल्यामुळे संपादकाने पुरविले आहे, हे सर्व त्या खुणा सांगतात. उघडलेली प्रत्येक खूण मिटलीच पाहिजे, व आत उघडलेली बाहेरचीच्या आधी मिटली पाहिजे, असा दंडक असल्याने संहितेला वृक्षाचे रूप येते: मूळ एक, त्यास शाखा, शाखेस उपशाखा.

नक्कल करणारा मात्र वृक्ष पाहत नाही. लॅरी टेस्लर व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात मजकूर उचलून दुसरीकडे चिकटविण्याची जी सोय रूढ केली, तिच्या दृष्टीने मजकूर म्हणजे एका रेषेत मांडलेली अक्षरे. एका परिच्छेदाच्या मध्यापासून पुढच्या परिच्छेदाच्या मध्यापर्यंतचा भाग निवडला, तर रेषेवर तो सलग दिसतो. वृक्षावर तो दोन शाखांचे तुकडे असतो. पहिल्याची आरंभखूण मागे राहते, दुसऱ्याची अंत्यखूण पुढे राहते. मग साधनापुढे तीन वाटा उरतात: चिकटविण्यास नकार देणे, तुटलेल्या खुणा आपल्या मनाने पुऱ्या करणे, किंवा सर्व खुणा गाळून निव्वळ अक्षरे देणे. नकार देणारे साधन विद्यार्थ्यांना नकोसे वाटते. वस्तुतः तेच सर्वांत प्रामाणिक होय. तिसरी वाट सर्वांत सोपी, आणि खरा घात तिथेच होतो.

घात कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. १९३१ मध्ये लायडेन येथे कोरीव लेखांच्या संपादनाचे जे संकेत ठरले, त्यांनुसार संपादकाने पुरविलेली अक्षरे चौकोनी कंसांत छापतात. तो कंस हा छापील मजकुराचाच एक भाग असे. कोणी उतारा उतरवून घेतला की कंसही आपोआप वहीत येई. तो मुद्दाम गाळल्याखेरीज जात नसे. मार्कअपमध्ये कंसाची जागा खुणेने घेतली. पडद्यावर दिसणारा कंस पुष्कळदा वाचकाच्या सोयीसाठी आयत्या वेळी काढलेला असतो. संहितेत तो नसतोच. निव्वळ अक्षरे उचलली की खूण गळते आणि संपादकाचा तर्क शिळेचा पुरावा होऊन बसतो. तेराव्या शतकातील मराठीचे विभक्तिप्रत्यय मोजणाऱ्या प्रबंधात असे एकच पुरविलेले रूप शिरले, तरी त्यावर उभारलेला निष्कर्ष लंगडा होतो. आणि परीक्षकास तो दोष दिसण्याचे काही साधन उरत नाही. पोथीच्या समासातली टीप पुढच्या लेखनिकाने संहितेत ओढून घेण्याचा प्रकार आपणांस ठाऊक आहे. परंतु तेथे दुसरी पोथी ताडून पाहता येत असे, आणि शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची संहिता शोधली ती अशा अपपाठांच्या निराकरणासाठीच. येथे ताडून पाहावे अशी शंकाच मुळी उत्पन्न होत नाही.

भाषेची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. एक्सएमएलमध्ये भाषेची नोंद वरच्या शाखेवर एकदा केली म्हणजे खालच्या सर्व भागास ती वारशाने लागू होते. पाटणच्या लेखातील संस्कृत श्लोक खुणांसकट उचलून मराठी विवेचनात चिकटविला, तर खुणा सुस्थितीत येतील, तपासणीत एकही चूक निघणार नाही, आणि तरीही श्लोक मराठी ठरेल. कारण वारसा उताऱ्यात नव्हता, तो मागे राहिलेल्या पूर्वजाकडे होता. पुढे शब्दसूची केली की संस्कृत रूपे मराठीच्या खात्यात जमा होतात. लिपी एकच असल्यामुळे हे डोळ्यांना जाणवत नाही. म्हणून उतारा उचलण्यापूर्वी त्याच्या पूर्वजांकडून काय काय आले आहे ते पाहून तेवढे उताऱ्याच्या मस्तकी स्पष्ट लिहावे. ओळखक्रमांकांचा प्रश्न त्या मानाने सोपा: एकच क्रमांक दोनदा आला की तपासणीत चूक दिसते, मात्र तो बदलताना त्याकडे बोट दाखविणारे सर्व संदर्भही बदलावे लागतात.

खुणा सोडून अक्षरांकडे वळले तरी सुटका नाही. ‘पाचोरा’ या नावाचेच पाहा. विभक्ती लागताच त्यात अर्धा ‘ऱ’ येतो: पाचोऱ्यात, पाचोऱ्याचा. युनिकोडमध्ये हा वर्ण दोन रीतींनी लिहिता येतो: नुक्तायुक्त ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’नंतर हलन्त व एक अदृश्य सांधा घालून. दिसावयास दोन्ही सारखे. पण युनिकोडच्या सामान्यीकरणाच्या नियमांनीही ती एकरूप होत नाहीत. त्यामुळे एका रीतीने शोध घेतल्यास दुसऱ्या रीतीने लिहिलेला पाचोऱ्याचा उल्लेख सापडेलच असे नाही. त्यातून चिकटविताना एखाद्या साधनाने अदृश्य वर्ण निरुपयोगी समजून गाळला, तर रफार होऊन ‘पाचोर्यात’ असे विद्रूप रूप उरते. हे निदान खटकते तरी. पण सातमाळ्यातील ‘दऱ्या’ याच न्यायाने ‘दर्या’ झाल्या, तर डोंगराचा समुद्र होतो आणि शुद्धलेखन तपासणारे साधनही मुकाट राहते, कारण तोही शब्द खराच आहे.

शक्य तेथे नक्कल करूच नये, मूळ घटकाकडे निर्देश करावा, हा मार्ग उत्तम. एक्सएमएलमध्ये एक्सइन्क्लूडसारखी योजना त्यासाठीच आहे. उतारा एकाच ठिकाणी राहतो व वाचनकाली हव्या त्या जागी येतो. नक्कल अटळच असेल, तर अर्धा परिच्छेद न उचलता संपूर्ण घटक उचलावा, त्यावर मूळ संहितेचे नाव व ओळींचे क्रमांक नोंदवावेत, आणि नको असलेला भाग चिकटविल्यानंतर गाळावा. ‘ऱ’ची एकच रीत ठरवून प्रकल्पाच्या आरंभीच ती लिहून ठेवावी. या लेखाच्या शीर्षकातही तोच वर्ण आहे. सूचीत तो दोन ठिकाणी विभागला जाऊ नये यासाठी येथे सर्वत्र नुक्तायुक्त रूप वापरले आहे.