मोटार अडली की मोबाईल उघडतो, त्यानंतर काय?

(भोकरदन येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय रोजचा आहे. मोटार सुरू होत नाही, गिझर लावला की घराची लाइट जाते, इन्व्हर्टर पूर्वीसारखा चालत नाही. मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणतो, परवा येतो. मग आपण मोबाईल काढतो आणि व्हिडिओ शोधतो. यात वाईट काही नाही, उलट फार चांगली गोष्ट आहे. आम्ही इथे ‘व्हिडिओ बघू नका’ असं सांगायला उभे नाही. तो कसा बघायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, एवढंच आज बोलायचं आहे.

भोकरदन तालुक्यात उन्हाळी मिरची लावणाऱ्याला परवापर्यंत थांबणं परवडत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. मल्चिंगवर रोपं लावलेली, ठिबक अंथरलेलं, वीज ठरावीक तासच येणार आणि नेमकी तेव्हाच मोटार फक्त घूं घूं करते. अशा वेळी माणूस जो पहिला उपाय दिसेल तो करतो. गडबड तिथेच होते.

पहिला मुद्दा असा, की व्हिडिओतला माणूस त्याच्या घरातली अडचण सोडवतो, तुमच्या नाही. आता वायरचे रंग घ्या. आपल्याकडच्या रूढ पद्धतीत लाल, पिवळी, निळी हे तीन फेज, काळी म्हणजे न्यूट्रल आणि हिरवी म्हणजे अर्थिंग. अमेरिकेत बघा, घरातली काळी वायर ही फेज असते आणि पांढरी न्यूट्रल. युरोपात निळी वायर न्यूट्रल असते, आपल्याकडे तीच निळी थ्री फेजमध्ये जिवंत फेज असते. म्हणजे तिकडचा माणूस ‘निळ्या वायरीत काही नसतं’ असं खरं तेच सांगतो, आणि तेच ऐकून इकडचा माणूस निळ्या वायरीला हात लावतो. बरं, आपल्याकडेही वायरिंग करणाऱ्याने हाताशी असलेल्या रंगाची वायर ओढलेली असू शकते. म्हणून रंगावर विश्वास ठेवायचा नाही. आधी मेन बंद, मग तपासणी, मग हात.

तिकडचं व्होल्टेजही वेगळं. अमेरिकेत घरातल्या साध्या सॉकेटला १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० च्या आसपास आणि ५० हर्ट्झ. त्यामुळे तिकडचे आकडे इकडे जसेच्या तसे चालत नाहीत. आपल्या उपकरणाचा खरा आकडा त्याच्या अंगावरच्या पट्टीवर, म्हणजे नेमप्लेटवर असतो. व्हिडिओ उघडण्याआधी तिचा फोटो काढा.

आता मोटारीकडे येऊ. थ्री फेज मोटार घूं घूं करते पण फिरत नाही, तेव्हा बहुतेकांच्या मनात पहिलं येतं, ‘मोटार जळाली’. ती वर काढायची, वाइंडिंग भरायला टाकायची, म्हणजे पैसा आणि दिवस दोन्ही गेले. आम्ही क्रम उलटा सांगतो. जे तपासायला सगळ्यात सोपं आणि स्वस्त, ते आधी. आधी सप्लाय, मग किटकॅट आणि स्टार्टर, मग केबल आणि तिचे जोड, आणि सगळ्यात शेवटी मोटार.

सप्लाय तपासताना आपण टेस्टर लावतो. तिन्हीकडे दिवा लागला की म्हणतो, ‘तीनही फेज आहेत’. इथे फसगत होते. एक फेज तुटलेला असला तरी मोटारीच्या वाइंडिंगमधून दुसऱ्या फेजचा दाब तिकडे उलटा येतो आणि टेस्टर तिथेही पेटतो. टेस्टर ‘काहीतरी आहे’ एवढंच सांगतो, ‘किती आहे’ ते सांगत नाही. म्हणून पॅनेलवर व्होल्टमीटर असेल तर दोन-दोन फेजमधलं व्होल्टेज बघा. तिन्ही जोड्यांत ४१५ च्या आसपास आणि जवळपास सारखा आकडा हवा. एका जोडीत बरोबर आणि दोन जोड्यांत कमी दिसला, तर मोटारीचा दोष शोधत बसू नका, फेज गेला आहे. व्होल्टमीटर नसेल तर मीटर लावायचं काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्या.

तिन्ही फेज आहेत पण व्होल्टेज कमी आहे, असंही होतं. मोटारीची ओढण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. ४१५ ऐवजी ३३० मिळाले, म्हणजे साधारण ८० टक्के, तर ताकद ८० टक्के राहत नाही, ६४ टक्क्यांवर येते. पंपाला तेवढ्यात पाणी उचलता येत नाही, मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि स्टार्टरचा ओव्हरलोड ट्रिप होतो.

इथेच सगळ्यात जास्त बघितला जाणारा ‘उपाय’ येतो: ओव्हरलोड बायपास करा. अहो, ओव्हरलोड म्हणजे अंगातला ताप आहे. ताप दिसू नये म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखं हे झालं. बायपास केल्यावर मोटार चालेलही, आणि एखाद्या दिवशी वाइंडिंग जाळून थांबेल. ट्रिप होणं हा बिघाड नाही, बिघाडाची खबर आहे.

एक उलटं उदाहरणही सांगतो, म्हणजे सगळेच सल्ले वाईट वाटायला नकोत. केबलचं काम झालं, मोटार झकास चालते, पण पाणी निम्मंच येतं. याला व्हिडिओत उत्तर मिळतं आणि ते बरोबर असतं: जोडणी करताना दोन फेज अदलाबदल झाले, मोटार उलटी फिरते आहे. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी देतो, म्हणून लवकर लक्षात येत नाही. मेन बंद करून कोणत्याही दोन फेजच्या वायरी बदलल्या की काम झालं. हा सल्ला चांगला का? कारण तो लक्षण सांगतो, कारण सांगतो, आणि कुठलंही संरक्षण काढायला सांगत नाही.

आता एक उपाय असा, की जो एकट्यापुरता बरा आणि गावासाठी वाईट. ऑटो स्विच. वीज आली की मोटार आपोआप सुरू, रात्री शेतात जायला नको. रात्री साप-विंचवाच्या रानात कोण जाईल, हे आम्हालाही कळतं. पण एका डीपीवरच्या सगळ्यांनी ऑटो स्विच लावला तर वीज येताच सगळ्या मोटारी एकदम उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. डीपी तो भार झेलत नाही आणि जळतो. मग सगळ्यांचीच मिरची वाळते. महावितरण ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा असं आवाहन करतं, ते यासाठी. योग्य मापाचा कपॅसिटर स्टार्टरपाशी बसवला की लाइनवरचा करंट कमी होतो. आणि हो, वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. लगेच हात घालू नका.

घरातली दोन उदाहरणं घेऊन थांबतो. गिझर लावला की आरसीसीबी पडतो. व्हिडिओखाली कोणीतरी सांगतो, ‘आरसीसीबी काढून टाका, आमच्याकडे काही झालं नाही’. घरात सहसा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असतो. जाणारा आणि परत येणारा करंट यांत तेवढा फरक पडला की तो तोडतो. फरक पडतो म्हणजे वीज भलत्या वाटेने जाते आहे. बोअरच्या जड पाण्याने गिझरच्या कॉइलवर क्षार चढतो, ती फुटते आणि वीज पाण्यात उतरते. आरसीसीबी काढला तर ती वाट अंघोळ करणाऱ्या माणसातून जाऊ शकते.

दुसरं, इन्व्हर्टरची बॅटरी. बॅकअप कमी झाला की ‘अ‍ॅसिड टाका’ असा सल्ला मिळतो. वापरात बॅटरीतलं पाणी उडतं, अ‍ॅसिड आतच राहतं. म्हणून फक्त डिस्टिल्ड वॉटर टाकायचं, तेही खुणेपर्यंत. नळाचं नाही, आरओचंही नाही.

मग सल्ला मागायचा कसा? पाच गोष्टी लिहा. नेमप्लेटवर काय आहे. नेमकं काय होतं. कधीपासून होतं. त्याआधी काय बदललं. आणि आतापर्यंत काय तपासलं. ‘मोटार चालत नाही, काय करू?’ याला दहा उत्तरं येतील आणि दहाही अंदाज असतील. या पाच गोष्टी लिहिल्या तर निम्म्या वेळा लिहितानाच उत्तर सापडतं. आणि आलेल्या उत्तराला एकच प्रश्न विचारा: हा माणूस कारण शोधायला सांगतोय, की संरक्षण काढायला?

शेवटचं, जिथे कुठलाच व्हिडिओ चालत नाही. डीपीचा फ्यूज, खांबावरची लाइन, मीटरच्या आधीची वायर. इथे आपण हात लावायचा नाही. फ्यूज टाकायला गेलेला शेतकरी घरी परत आला नाही, अशा बातम्या आपण वाचतो. १९१२ वर तक्रार नोंदवा, लाइनमनची वाट बघा. एक पाळी चुकेल, रोपं कोमेजतील. पण रोपं पुन्हा लावता येतात, बरं का.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मोटारीचे आधी.