मोगली? तो तर आपला वैनगंगेकाठचा!

१९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं, तेव्हा गोंदिया जिल्हाच नव्हता. तालुक्याचं गाव, जिल्हा भंडारा. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. ‘ॲनिमे’ हा शब्दही तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. कार्टून म्हणजे कार्टून. ते जपानहून आलंय की आणखी कुठून, याच्याशी पोरांना काय देणंघेणं? टायटल साँग वाजलं की हातातलं टाकून टीव्हीसमोर बसायचं, एवढं ठाऊक. त्या गाण्यांमागच्या गमती मात्र आता, पोरंबाळं झाल्यावर कळताहेत.

कार्टून जपानचं, गाणं आपलं

‘जंगल बुक’मधलं चड्डीतल्या फुलाचं ते गाणं जपानी नाहीच! मालिका निप्पॉन ॲनिमेशनची, दिग्दर्शक फुमिओ कुरोकावा. जपानमध्ये ती १९८९-९० मध्ये दाखवली गेली, भाग ५२. तिकडचं शीर्षकगीत वेगळं होतं. आपल्याकडे हिंदीत आणताना ते बाजूला ठेवलं आणि नवं गाणं केलं. शब्द गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाजची, आवाज अमोल सहदेव या लहान मुलाचा. ‘माचिस’ चित्रपट यायला अजून तीन वर्षं होती, त्यामुळे विशाल भारद्वाज हे नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे देशभरातल्या पोरांनी त्यांची चाल आधी पाठ केली आणि मोठ्यांनी त्यांचं नाव नंतर ऐकलं.

गाण्यातल्या ‘चड्डी’वर तेव्हा आक्षेपही घेतला गेला होता. गुलजारांनी शब्द काही बदलला नाही. बरं झालं! तिथे दुसरं कुठलंही सभ्य वस्त्र घालून बघा, गाणं लगेच शाळेच्या स्नेहसंमेलनातलं वाटायला लागतं.

शेर खानचा आवाज कुणाचा, हे सांगायला नको. मुरुड-जंजिऱ्याचे नाना पाटेकर. वाघाला एवढी जरब दुसऱ्या कुणाला जमली असती असं आम्हाला तरी वाटत नाही. डिस्नीलाही वाटलं नसावं. कारण २०१६ साली त्यांचा ‘द जंगल बुक’ हिंदीत आला तेव्हा शेर खान पुन्हा नानाच होते, आणि भारतातल्या प्रदर्शनासाठी विशाल-गुलजार जोडीने तेच गाणं नव्याने करून दिलं.

शेर खान कुठला?

आता गोंदियाकरांनी कॉलर ताठ करावी अशी गोष्ट. किपलिंगच्या पुस्तकातलं जंगल सिवनीचं. आपल्या शेजारी बालाघाट, बालाघाटच्या शेजारी सिवनी. आणि शेर खानचा मुक्काम कुठे? वैनगंगेकाठी! मूळ पुस्तकात तसं सरळ लिहिलंय. मोगलीने म्हशींचा कळप अंगावर घालून त्याला चिरडलं, ती कोरडी घळही वैनगंगेचीच. सिवनी जिल्ह्यात उगम पावून बालाघाटमार्गे आपल्या तिरोडा तालुक्याला लागून जाते, तीच ही वैनगंगा. जिल्ह्याच्या सीमेवर तिला येऊन मिळते वाघ नदी. एवढा योगायोग पटकथेत घातला असता तर निर्मात्याने कापायला लावला असता.

किपलिंगचा जन्म १८६५चा, मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. ‘जंगल बुक’ १८९४चं. ते त्याने लिहिलं मात्र अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये. सिवनीच्या रानाचे तपशील त्याला मिळाले ते रॉबर्ट स्टर्नडेलच्या सातपुड्यावरच्या पुस्तकातून.

पुस्तकात नसलेली एक वस्तू जपान्यांनी मोगलीच्या हातात दिली: बूमरँग! सातपुड्याच्या पोराकडे ऑस्ट्रेलियाचं हत्यार. पण पोरांना सगळ्यात जास्त आवडलं तेच.

आणि ऐका, १९९३ मध्ये मोगलीच्या गावाला जायला गोंदियाच्या पोरांना मोठी गाडीही लागत नव्हती. गोंदियाहून बालाघाट-नैनपूर-जबलपूर छोटी लाईन होती. नैनपूरला गाडी बदलली की थेट सिवनी. आता सगळी ब्रॉडगेज झाली. मध्य प्रदेशाने पेंचच्या अभयारण्याला मोगलीचं नावही देऊन टाकलं. आपल्याकडे नवेगाव-नागझिरा आहे, व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा आहे (२०१३ पासून), व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ आहे, मारुती चितमपल्लींचं ‘नवेगावबांधचे दिवस’ आहे. मोगलीवर हक्क सांगायचं तेवढं राहिलंय. नागझिऱ्यात जन्मलेल्या एका नामांकित वाघाला नाव मिळालं, तेही ‘शोले’तल्या जयचं!

बाकीची मंडळी

गुलजार-विशाल जोडीने आणखी एका जपानी मालिकेला गाणं दिलं, ‘ॲलिस इन वंडरलँड’ला. हीसुद्धा निप्पॉन ॲनिमेशनचीच, १९८३ची. टोपीवरचं ते गाणं मोगलीच्या गाण्याएवढं गाजलं नाही. आमच्या मते चालीत ते सरस आहे. भांडायचं असेल तर आधी दोन्ही ऐका.

युगो साको यांचा ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ (१९९३) तर सगळ्यांच्या वरताण. चित्रपट जपानी-भारतीय, मूळ संवाद इंग्रजी आणि गाणी चक्क संस्कृतात! संगीत वनराज भाटियांचं, संस्कृत रचना आपल्या वसंत देवांच्या. हिंदीत रामाला आवाज अरुण गोविल यांचा, रावणाला अमरीश पुरींचा. जानेवारी २०२५ मध्ये तो थिएटरात पुन्हा झळकला.

डोरेमॉनच्या पिढीची गंमत उलटी. त्यांचं हिंदी शीर्षकगीत जपानीच आहे, ‘युमे ओ कानाएते डोरेमॉन’ची चाल, वर हिंदी शब्द. डोरेमॉनचं १९७९चं मूळ जपानी गीत रचणारे शुनसुके किकुची यांनीच पुढे ‘ड्रॅगन बॉल झी’च्या हाणामाऱ्यांना पार्श्वसंगीत दिलं. निन्जा हातोडी तर नंतर अर्धा भारतीयच झाला. त्याची नवी मालिका रिलायन्स मीडियावर्क्सच्या भागीदारीत बनली.

लॉकडाऊनमध्ये, एप्रिल २०२० मध्ये, दूरदर्शनने ‘जंगल बुक’ पुन्हा लावलं. रोज दुपारी एकला. नव्या पोरांपेक्षा आईबापच जास्त खूश होते, हे वेगळं सांगायला नको.

आता एक काम करा. पुढच्या वेळी विदर्भ एक्स्प्रेसने गोंदियाला येताना तुमसर रोड सुटलं की मुलांना उठवा. मुंडीकोटा यायच्या आधी जो लांबलचक पूल लागतो, तो वैनगंगेचा. शेर खान हिच्याच वरच्या अंगाचा, असं त्यांना सांगा. आणि गाणं तुम्हीच म्हणा, त्यांच्या मोबाइलवर शोधत बसू नका.