शेवटचे वीस फूट

नागपुरात नळाला गढूळ पाणी आलं की लोक आधी गोरेवाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्राला धरतात. लाइनवरच्या माणसांचा संशय मात्र वेगळा असतो. पेंच नदीचं पाणी तिथून बहुतेकदा चांगलंच निघतं. घोळ होतो तो शेवटच्या वीसेक फुटांत.

शहरात चोवीस तास पाण्याचा पहिला प्रयोग धरमपेठेत झाला. धरमपेठ म्हटलं की बंगले डोळ्यांपुढे येतात, पण पांढराबोडी, सुदामनगरी या झोपडपट्ट्याही त्याच भागातल्या. चोवीस तास पाण्याचा पहिला प्रयोग धरमपेठेत झाला. मार्च २०१२ पासून अख्ख्या शहराचं पाण्याचं काम २५ वर्षांसाठी ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे गेलं.

त्यानंतर एका वस्तीत गेलो होतो. तक्रार वासाची. फिटरने चौकातलं पाणी काचेच्या नळीत घेतलं, क्लोरीन तपासायचे ओटीचे थेंब टाकले, पिवळं झालं. म्हणजे क्लोरीन होतं. गल्लीच्या टोकाच्या घरी तेच केलं, तर रंगच आला नाही. मधे नाली, आणि नालीतून गेलेली, गंजून चाळण झालेली जीआयची लोखंडी पाइप. नळ चालू असताना ती बाहेर गळते. नळ गेला की रिकामी पडते, आणि कुणी टिल्लू पंप लावला की नालीतलं पाणी आत ओढते. सकाळी पहिली गुंडी भरते ती त्याच पाण्याने.

घरच्या बाई म्हणाल्या, "भाऊ, टिल्लू नाही लावला त आमच्यापर्यंत पाणी येते कुठं?"

खरंच होतं त्यांचं. टिल्लू जप्त करून काही होत नाही. लाइनीत सदैव दाब राहिला तर टिल्लूची गरज उरत नाही आणि नालीही आत शिरत नाही. चोवीस तास पाण्याला श्रीमंतांचे चोचले म्हणणारे नेमकं हेच विसरतात.

मीटरवर तर भांडणंच. "हवेवर फिरते ते!" अगदीच खोटं नाही, रिकाम्या पाइपातली हवा पाण्याच्या आधी येते. पण बिल आलं की भांडणारेच ते प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवत. जागेचा पट्टा नाही, सातबाऱ्याचा तर प्रश्नच नाही. आपल्या नावापत्त्याचा सरकारी वाटणारा कागद एवढाच.

५ वर्षांत शहरभर चोवीस तास पाणी द्यायचं ठरलं होतं. ती मुदत केव्हाच उलटली. चोवीस तास पाणी येईपर्यंत तुमची जोडणी नालीतून गेली असेल तर ती आधी वर काढून घ्या, गंजलेल्या जीआयऐवजी निळी एमडीपीई प्लास्टिकची पाइप मागा, आणि नळ आल्यावरची पहिली बादली पिण्याला धरू नका.