नागरी रस्त्यांचा वाद : एक शब्दार्थविचार

शहरातील रस्ता कोणाचा, हा प्रश्न वरकरणी स्थापत्याचा किंवा नगरपालिकेच्या अर्थसंकल्पाचा दिसतो. पदपथ किती रुंद असावा, सायकलींसाठी निराळी पट्टी आखावी की ती जागा मोटारी उभ्या करण्यास द्यावी, दुकानदारांच्या हरकतींना किती वजन द्यावे, अशा स्वरूपात तो सभागृहापुढे येतो आणि मतांच्या मोजणीने निकालात निघतो. परंतु या वादाला आणखी एक अंग आहे व ते भाषेच्या अभ्यासकाने पाहण्याजोगे आहे. रस्त्यावरील कोणत्या वर्तनास दोष म्हणावयाचे आणि कोणत्या वर्तनास नित्यव्यवहार समजावयाचे, हे पुष्कळदा नियम होण्यापूर्वी शब्दांनी ठरलेले असते. प्रस्तुत लेखात अमेरिका व नेदरलँड्स येथील दोन उदाहरणांवरून या विधानाची तपासणी करावयाची असून, त्यानंतर मराठीतील रस्ताविषयक शब्दांकडे त्याच दृष्टीने पाहावयाचे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील शहरांत रस्ता हा सर्वांच्या वावराचा होता. लोक वाटेल तेथून तो ओलांडीत, मुले त्यावर खेळत. मोटारींची संख्या वाढू लागली तसे मृत्यूही वाढले, आणि प्रारंभी लोकमताने दोष मोटारचालकांनाच दिला. १९२२ च्या सुमारास मृत बालकांच्या स्मरणार्थ शहरांतून मिरवणुका निघाल्या, स्मारकेही उभारली गेली. त्याच काळात ‘जेवॉकर’ हा शब्द रूढ होत होता. ‘जे’ हे मूळचे एका गोंगाट्या पक्ष्याचे नाव. अमेरिकन बोलीत त्याचा लाक्षणिक अर्थ ‘गावंढळ, अडाणी मनुष्य’ असा झाला होता. तेव्हा ‘जेवॉकर’ म्हणजे शहरात कसे चालावे हे न कळणारा खेडवळ. हा शब्द त्या काळी इतका अपमानकारक वाटे, की १९१५ मध्ये न्यूयॉर्कमधील अधिकाऱ्यांनी तो वापरला असता तेथील वृत्तपत्रातून त्यावर हरकत घेण्यात आली.

असे असूनही तो टिकला, कारण त्याला संघटित पाठबळ मिळाले. १९२३ मध्ये सिनसिनाटी शहरात मोटारींवर यंत्र बसवून त्यांचा वेग ताशी २५ मैलांपुरता रोखावा, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर सुमारे ४२,००० नागरिकांनी सह्या केल्या. मोटारविक्रेत्यांनी व मोटारमालकांच्या संस्थांनी त्याविरुद्ध मोठी मोहीम चालविली आणि मतदानात तो प्रस्ताव पडला. यानंतर मोटार-व्यवसायाने आपला रोख वेगावरून पादचाऱ्याच्या वर्तनाकडे वळविला, असे पीटर नॉर्टन या इतिहासकाराने २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे. शाळांतून मुलांना रस्त्यापासून दूर राहण्याचे पाठ देण्यात आले. मोहिमांतून वाटेल तेथून रस्ता ओलांडणाऱ्यास विदूषकाच्या रूपात उभे करण्यात आले. १९२५ मध्ये लॉस एंजेलिस शहराने पादचाऱ्यांवर बंधने घालणारा वाहतूक-नियम केला आणि तो पुढे इतर शहरांस नमुना ठरला. येथे अर्थाची वाटचाल ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रथम शब्दात उपहास होता. उपहासातून दोष निर्माण झाला. दोषाचा पुढे अपराध झाला. अखेरीस शब्दातील उपहास विसरला गेला आणि तो कायद्याच्या चर्चेतील साधी संज्ञा वाटू लागला. अर्थ झिजला, तरी त्याने घडविलेला नियम मात्र कायम राहिला. हा नियम सैल करण्यास शंभर वर्षे लागली. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२३ पासून तात्काळ धोका नसताना असा रस्ता ओलांडणाऱ्यास दंड करता येत नाही, आणि न्यूयॉर्क शहराने २०२४ मध्ये अशा वर्तनास अपराधांच्या यादीतून वगळले.

नेदरलँड्समध्ये शब्दांचा ओघ उलट दिशेने वाहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशातही मोटारींसाठी रस्ते रुंद करण्याचे धोरण होते. १९७१ मध्ये तेथे रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. आपली मुलगी अशा घटनेत गमावलेले पत्रकार व्हिक लांगेनहॉफ यांनी १९७२ मध्ये वृत्तपत्रात लेख लिहिला. त्याचा मथळा ‘स्टॉप द किंडरमोर्ट’, म्हणजे ‘बालहत्या थांबवा’, असा होता, आणि १९७३ मध्ये त्याच नावाने चळवळ उभी राहिली. डच भाषेत बेथलेहेम येथील बालकांच्या संहाराच्या बायबलातील कथेस हाच शब्द योजतात. त्यामुळे त्या वाचकांच्या मनात राजा हेरोडच्या क्रौर्याचे स्मरण जागे होणे स्वाभाविक होते. ज्या घटनेस तोवर दैवाधीन समजले जाई, तिला या एका शब्दाने कर्ता दिला.

नावासाठी प्रत्यक्ष भांडण झाल्याचेही उदाहरण त्याच देशात सापडते. १८८३ मध्ये सायकलस्वारांची संघटना म्हणून स्थापन झालेली एक संस्था कालांतराने मुख्यतः मोटारमालकांची झाली होती. १९७५ मध्ये सायकलस्वारांनी नवी संघटना काढली व आपल्या नावात ‘खरी’ हे विशेषण घातले. जुन्या संस्थेने न्यायालयात आक्षेप घेतला आणि नव्या संस्थेस नाव बदलावे लागले. याहून महत्त्वाचा शब्द म्हणजे ‘वोनएर्फ’. राहणे या अर्थाचा धातू आणि अंगण या अर्थाचे नाम यांचा हा समास असून ‘राहते अंगण’ असे त्याचे भाषांतर करता येईल. १९७६ मध्ये त्यास कायद्यात स्थान मिळाले. अशा गल्लीत मोटारीचा वेग किती असावा, हे आकड्याने न सांगता ‘पावलाच्या चालीने’ या अर्थाच्या शब्दाने सांगितलेले होते. वेगाचे परिमाणच येथे यंत्राऐवजी माणसाच्या पायावरून घेतले होते.

या पार्श्वभूमीवर मराठीकडे वळू. ‘रहदारी’ हा शब्द फारसीतून आला. मोगल अमदानीत ‘राहदारी’ हे वाटेवरील जकातीचे नाव होते; मराठीत त्यास ‘येजा, वर्दळ’ असा व्यापक अर्थ प्राप्त झाला व त्यात पायी चालणारा, बैलगाडी, सायकल या सर्वांचा समावेश होतो. याउलट ‘वाहतूक’ या शब्दाचा मूळ रोख वाहून नेण्यावर आहे. मालाची वाहतूक होते, प्रवाशांची होते. पायी चालणाऱ्या मनुष्याची ‘वाहतूक’ होत नाही. प्रशासनाने ‘वाहतूक पोलीस’, ‘वाहतूक नियंत्रण’ असे शब्द स्वीकारले, तेव्हा पादचारी नियंत्रणाच्या कक्षेत आला खरा. परंतु ज्याच्यासाठी नियंत्रण करावयाचे त्या वस्तूच्या नावात त्यास जागा उरली नाही. ‘वाहतुकीस अडथळा’ या शब्दप्रयोगात अडथळा बहुधा तोच असतो.

‘अतिक्रमण’ हा दुसरा शब्द. पदपथावर भाजी विकणाऱ्या बाईच्या पाटीस आपण अतिक्रमण म्हणतो. त्याच पदपथावर लावलेल्या दुचाकीस ‘पार्किंग’ म्हणतो. फार तर त्यास ‘बेशिस्त’ हे विशेषण जोडतो. जागा दोघांनीही व्यापलेली असते, परंतु एकीस उपद्रवाचे नाव आहे आणि दुसरीस सोयीचे. २०१४ च्या केंद्रीय कायद्यामुळे फेरीवाल्यास ‘पथविक्रेता’ ही संज्ञा मिळाली. तिच्यात पथाशी असलेले त्याचे नाते मान्य केलेले आहे, हे नोंदविले पाहिजे.

तिसरा मुद्दा वाक्यरचनेचा आहे. ‘मोटारीच्या धडकेत पादचारी ठार’ या नमुन्याचे मथळे आपल्या परिचयाचे आहेत. त्यात मोटार षष्ठीत आहे, धडक हे भाववाचक नाम आहे आणि चालक कोठेच नाही. ‘तो गाडीखाली आला’ या बोलण्यातील वाक्यात तर ‘येणे’ या क्रियेचा कर्ता मृत मनुष्यच होतो. ही रचना कोणी हेतुपूर्वक घडविली असे नव्हे. परंतु ती दररोज वाचणाऱ्या व ऐकणाऱ्या समाजास मृत्यूचे कारण मृताच्या हालचालीत दिसू लागले, तर नवल नाही. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. एवढ्या मोठ्या संख्येस आपल्या व्याकरणात कर्ता नाही, ही गोष्ट उपेक्षणीय म्हणता येणार नाही.

अर्थात, केवळ शब्द बदलल्याने रस्ता बदलतो असा निष्कर्ष येथे काढावयाचा नाही. डच चळवळीस १९७३ च्या तेलटंचाईचे साहाय्य झाले, आणि हेग शहरात पहिला प्रायोगिक सायकल-मार्ग झाला तेव्हा दुकानदारांचा तीव्र विरोधही सोसावा लागला. आपल्याकडे उलट स्थिती आहे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात २०१७ साली सर्वंकष सायकल आराखडा तयार झाला. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनही साजरा होऊ लागला. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या ये-जा करण्यास प्राधान्य दिले आहे. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. म्हणजे शब्द उत्तम आहेत, धोरण आहे, न्यायनिर्णयही आहे. परंतु त्या हक्काचा भंग करणाऱ्यास ठळक नाव नाही. अमेरिकेत चालणाऱ्यास नाव मिळाले व त्यास दंड झाला; नेदरलँड्समध्ये घडणाऱ्या घटनेस नाव मिळाले व रस्ता बदलला. मराठीत पदपथाला नाव आहे, त्यावर चालणाऱ्याला आहे, विकणाऱ्याला आहे. त्यावर गाडी घालणाऱ्याला नाही.

हे नाव भाषाशास्त्रज्ञांनी घडवून द्यावयाचे नसते. ते चौकात आणि सभागृहात घडते. मात्र ते घडत असता त्याची नोंद ठेवणे हे आपले काम होय. महानगरपालिकांचे ठराव, पोलिसांच्या अधिसूचना, हरकतींचे अर्ज आणि वृत्तपत्रांतील मथळे यांचा कालानुक्रमे संग्रह केल्यास मराठी नागरी शब्दसंग्रहात गेल्या शतकभरात रस्त्याचा धनी कसा बदलत गेला, हे सप्रमाण दाखविता येईल. पदव्युत्तर अभ्यासकांस प्रबंधासाठी हे क्षेत्र बव्हंशी मोकळे आहे.